गुढीवरचा तांब्या आणि सोळा महिन्यांची खिडकी

पुण्याच्या कसबा पेठेत, तांबट आळीपासून चालत पाच मिनिटांवर, तांब्या-पितळेच्या भांड्यांचं एक जुनं दुकान आहे. गल्ल्यावर तिसरी पिढी बसते आणि घरची सूनबाई ऑनलाइन विक्री बघते. २०२०च्या टाळेबंदीत शटर खाली असताना त्यांनी वेबसाइट उघडली आणि दुकानाच्या नावाचाच ब्रँड केला. ते नाव इथे देत नाही आणि विक्रीचे आकडेही देत नाही, कारण दोन्ही त्यांचे आहेत. त्यांच्या साइटचं सर्चचं काम, म्हणजे गूगलवर शोधणाऱ्याला साइट दिसावी याचं काम, २०२३च्या दिवाळीनंतर माझ्याकडे आलं. तेव्हापासून काय केलं, कशाने फरक पडला आणि कशाने अजिबात पडला नाही, त्याची ही नोंद आहे.

तक्रार एका वाक्याची होती. "आमचं नाव टाकलं की आम्ही दिसतो, भांड्याचं नाव टाकलं की दिसत नाही." सर्च कन्सोल, म्हणजे लोक काय शोधून साइटवर येतात ते साइटच्या मालकाला दाखवणारं गूगलचं साधन, उघडल्यावर तेच दिसलं. आलेले क्लिक जवळजवळ सगळे दुकानाच्या नावाचे होते. म्हणजे जो आधीच ओळखतो, तोच येत होता. ज्याला घंगाळ हवंय पण कसबा पेठेत असं दुकान आहे हे ठाऊक नाही, त्याच्यासाठी ही साइट नव्हतीच.

साइटवर मजकूर कमी होता म्हणावं, तर तसंही नव्हतं. मजकूर भरपूर होता. एका एजन्सीने दरमहा ठराविक लेख लिहून दिले होते. त्यात 'तांब्याच्या पाण्याचे १५ फायदे' होतं आणि काही महिन्यांनी 'तांब्याच्या पाण्याचे २१ फायदे'ही होतं. 'गुढीपाडवा २०२१ स्पेशल', 'गुढीपाडवा २०२२ ऑफर', 'गुढीपाडवा २०२३ शुभेच्छा' अशी तीन वेगळी पानं होती आणि प्रत्येकाचा पत्ता (यूआरएल) वेगळा. दिवाळीचंही तसंच. गंमत म्हणजे पाडव्याच्या शोधात जे थोडंफार दिसत होतं ते २०२१चं पान. त्यावर जुने भाव आणि 'ऑफर संपली' असा लाल पट्टा. एकाच घरातले तीन उमेदवार एकाच वॉर्डातून उभे राहावेत तशी ती तीन पानं एकमेकांची मतं खात होती.

वस्तूंच्या पानांची नावं 'हॅमर्ड कॉपर वॉटर पॉट प्रीमियम' अशी. दुकानात 'कळशी' म्हणून विकलं जाणारं भांडं साइटवर कळशी म्हणून कुठेच सापडत नव्हतं. अस्सल मराठी नावं होती ती एका जुन्या पीडीएफ कॅटलॉगमध्ये, सट, गडू, तपेली, पळी-पंचपात्र, सगळी. पण तो कॅटलॉग युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये जुळवलेला. डोळ्यांना ती अक्षरं मराठी दिसतात, पण त्यातला मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की इंग्रजी अक्षरांचा काला पडतो. सर्च इंजिनाला दिसतो तो हा काला. पुण्यातल्या किती जुन्या दुकानांची, प्रकाशनांची, संस्थांची मराठी माहिती आजही अशा फाइलींमध्ये अडकून पडली आहे, त्याचा विचार केला की हळहळ वाटते. आम्ही तो कॅटलॉग सरळ पुन्हा टाइप करून घेतला. त्यात विशेष अक्कल लागली नाही, फक्त एक चिकाटीचा माणूस लागला.

विषय कुठून आणायचे

कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टाइप करतात ते शब्द, सुचवणारी साधनं इथे फारशी उपयोगी पडली नाहीत. मराठी शोधांसाठी ती बहुतेक वेळा शून्य दाखवतात किंवा 'माहिती अपुरी' म्हणतात. माणसं देवनागरीत टाइप करतात, रोमन अक्षरांत मराठी लिहितात, अर्धं इंग्रजी अर्धं मराठी बोलून फोनला विचारतात. एकच प्रश्न पाच-सहा रूपांत विखुरतो आणि प्रत्येक रूप साधनाच्या लेखी नगण्य ठरतं.

म्हणून काउंटरवर एक वही ठेवली. अट एकच होती, गिऱ्हाइकाने विचारलेला प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहायचा, सुधारून नाही. काउंटर सांभाळणारे काका आधी वैतागले. "अहो, लोक रोज तेच तेच विचारतात, त्यात काय लिहायचं?" म्हटलं, काका, तेच तेच लिहा.

त्या वहीतले काही प्रश्न:

"गुढीला पितळेचा तांब्या चालतो का, की तांब्याचाच लागतो?"

"सासूबाईंचं पातेलं आहे. कल्हई कुठे करून मिळेल?"

"काळं पडलंय हे, बदलून द्या." (काकांचं उत्तरही शेजारी होतं: "ताई, तांबं आहे ते, काळं पडणारच. चिंच लावा, लख्ख होईल.")

"बंबाची तोटी गळते, नुसती तोटी मिळेल?"

"जावयाला अधिकात काय देतात?"

यातला एकही प्रश्न एजन्सीच्या लेखांत नव्हता. आणि वही भरत गेली तशी आणखी एक गोष्ट दिसू लागली. प्रश्नांना पंचांग होतं. कल्हई आणि घासण्या-पुसण्याचे प्रश्न बारमाही. पाण्याच्या पिंपाचे प्रश्न होळीनंतर सुरू होतात. तांब्याचे प्रश्न चैत्राच्या तोंडावर, ताम्हण-निरांजनाचे श्रावणात आणि गणपतीत, घंगाळ आणि बंबाचे अभ्यंगस्नानाच्या आधी, हंडा-कळशीचे लग्नसराईत आणि वास्तुशांतीच्या मुहूर्तांना.

आमच्या व्यवसायात 'एव्हरग्रीन' मजकूर म्हणजे कधीच न बदलणारा, आणि 'टॉपिकल' म्हणजे आज ताजा उद्या शिळा, अशी वाटणी करून ठेवली आहे. पाडवा या वाटणीत बसत नाही. तो दरवर्षी ताजा होतो आणि दरवर्षी शिळा होतो, पण त्यामागचा प्रश्न तोच राहतो. सणावारांवर चालणाऱ्या धंद्याला खरी कमाई या मधल्या जातीच्या विषयांतून होते, असं माझं स्पष्ट मत आहे. रोज एक पोस्ट टाकण्याचा नाद सोडून या विषयांची मोजकी पानं नीट बांधायची, एवढंच आम्ही ठरवलं. दुकानाच्या मालकांना ते पटायला वेळ लागला. "स्पर्धक रोज काहीतरी टाकतात, आपण गप्प बसायचं?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. त्यावर तडजोड अशी निघाली की इन्स्टाग्रामवर सूनबाईंनी रोज काय हवं ते टाकावं, साइटवर मात्र नवं पान काढण्याआधी वहीत प्रश्न दाखवायचा.

एक सण, एक पत्ता

पाडव्याची तीन पानं मोडून एक केलं. पत्त्यात साल घातलं नाही. जुन्या तिन्ही पत्त्यांवरून कायमचं पुनर्निर्देशन, म्हणजे ३०१, नव्या पानाकडे लावलं, जेणेकरून कुणी जुना दुवा उघडला तरी माणूस आणि गूगल दोघंही योग्य ठिकाणी पोचावेत. साल फक्त शीर्षकात आणि मजकुरात येतं आणि दरवर्षी बदलतं. ही काही माझी शक्कल नाही. ब्लॅक फ्रायडेसारख्या वार्षिक विक्रीसाठी गूगलने दुकानदारांना दिलेल्या सूचनांत हेच आहे, दरवर्षी नवा पत्ता काढू नका, एकच परत वापरा आणि पान लवकर तयार ठेवा. आपल्याकडे त्या सूचना अमेरिकन सणाच्या म्हणून कुणी वाचत नाही, इतकंच.

नव्या पानावर शुभेच्छा नाहीत. सुरुवातीलाच वहीतल्या प्रश्नाचं उत्तर आहे की तांब्याचा, पितळेचा, चांदीचा, घरात जो तांब्या असेल तो चालतो, रीत घराघरात वेगळी असते. पुढे दुकानदारालाच सुचेल अशी माहिती. काठीच्या टोकाला वस्त्राची घडी आणि कडुनिंबाचा डहाळा बांधला की जाडी वाढते. त्यावर अरुंद गळ्याचा गडू बसत नाही आणि फार रुंद तोंडाचा तांब्या वाऱ्याने डुगडुगतो. म्हणून काठीची जाडी कशी मोजायची, वस्त्र बांधून मगच मोजायची, आणि कोणत्या जाडीला कोणत्या तोंडाचा तांब्या, हे सूनबाईंनी स्वतः काठ्या आणून, बांधून, फोटो काढून दाखवलं. माझ्या वाचनात तरी गुढीवर लिहिणाऱ्या कुठल्याच पानावर हे नव्हतं. सगळीकडे ब्रह्मदेवाने सृष्टी निर्माण केल्याची कथा होती. ती वाचून तांब्या बसत नाही.

दुसऱ्या पाडव्याला हे पान दुकानाचं नाव न टाकता केलेल्या शोधांत पहिल्या पानावर दिसू लागलं. पहिल्या पाडव्याला फारसं काही झालं नव्हतं, कारण पानं एकत्र केली ती सणाच्या जेमतेम काही आठवडे आधी. असं पान शोधात मुरायला वेळ लागतो. आता कामाचं वेळापत्रक असं आहे की सणाच्या दीड-दोन महिने आधी पान उघडायचं, तारीख, भाव, शिल्लक माल आणि पोचवण्याची मुदत तपासायची, वहीत नवा प्रश्न आला असेल तर त्याचं उत्तर घालायचं. बदलण्यासारखं काहीच नसेल तर 'अद्ययावत' म्हणून तारीख पुढे ढकलायची नाही. हा मोह फार होतो. मजकूर तोच ठेवून नुसती तारीख बदलल्याने काही साधत नाही, आणि वाचणाऱ्याला जुना भाव दिसला की पानावरचा त्याचा विश्वासही जातो.

या तपासणीत छोट्या गोष्टी सापडतात. २९ सप्टेंबर २०२४ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा मेट्रोचा भुयारी टप्पा सुरू झाला आणि कसबा पेठेला स्वतःचं स्थानक मिळालं. 'दुकानात कसं यावं' या पानावर तोवर गाडी कुठे लावावी याचं पुराण होतं, आणि ते पुराण पेठेत राहणाऱ्यालाही पटण्यासारखं नव्हतं. ते काढून मेट्रोने कसं यायचं ते लिहिलं. गूगल बिझनेस प्रोफाइलवरही, म्हणजे गूगलच्या नकाशावर दिसणाऱ्या दुकानाच्या नोंदीतही, तेच.

कल्हईचं पान

सगळ्यात जास्त मेहनत एका पानावर घेतली, ते म्हणजे कल्हईचं. मालकांचा याला विरोध होता. कल्हईत दुकानाला काय मिळतं? कल्हईवाला वेगळा आणि मजुरी त्याची. पण वहीत सर्वाधिक वेळा आलेला प्रश्न तोच होता, आणि पुण्यात ज्यांच्या माळ्यावर आजीची पितळेची भांडी पडून आहेत अशी घरं कोथरूडपासून सिंहगड रस्त्यापर्यंत पसरली आहेत.

पान लिहायला मी आणि सूनबाई एका सकाळी कल्हई करणाऱ्या मामांकडे जाऊन बसलो. त्यांनी पातेलं आतून घासून स्वच्छ केलं, भट्टीवर धरलं, भाता मारला. भांडं तापल्यावर चिमूटभर नवसागर टाकला. पांढरा धूर भसकन वर आला. मग कथलाची कांडी तळाला टेकवली, ती विरघळली, आणि कापसाच्या बोळ्याने त्यांनी हात असा फिरवला की चांदीसारखा पत्रा आतून वर चढत गेला. लगेच भांडं पाण्यात. काम काही मिनिटांचं. सूनबाई फोटो काढत होत्या आणि मामा त्यांना सांगत होते, "माझा नको, हाताचा काढा."

पानावर ते हाताचेच फोटो आहेत आणि प्रत्येक पायरीचं कारण आहे. नवसागर, म्हणजे अमोनियम क्लोराइड, धातूवरचा ऑक्साइडचा थर काढतो, म्हणून कथील धरतं. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळतं आणि तांबं १०८५ला, म्हणून भांड्याला काही न होता कल्हई चढते. याच आकड्यातून गिऱ्हाइकाच्या कामाची सूचना निघते की कल्हईचं भांडं मोठ्या आचेवर रिकामं ठेवू नये, कल्हई वितळून गोळा होते. कल्हई गेली हे कसं ओळखायचं? आतून मूळ धातूचा रंग दिसू लागतो. आणि तोवर लक्ष गेलं नाही तर जीभ सांगते, कारण ताक किंवा आमटी कळकते. कथलात शिसं मिसळलेलं नाही ना, हे विचारायचंच, आणि शुद्ध कथील वापरणाऱ्याची मजुरी जास्त का असते तेही लिहिलं. शेवटी, भांडं आणायचं असेल तर कोणत्या वारी कोणत्या वेळेत आणावं.

हे पान साइटवरचं सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पान झालं. देवनागरीतून, रोमन मराठीतून, 'निअर मी' लावून, सगळ्या वाटांनी लोक इथे येतात. कल्हईसाठी आलेला माणूस दुकानात उभा राहतो, त्याला समई दिसते, परात दिसते. मालकांचा विरोध कधी मावळला ते कळलं नाही, पण आता तेच विचारतात, "कल्हईवर अजून काही लिहिता येईल का?"

या पानामुळे बाकीची पानंही उचलली गेली. पातेल्याच्या प्रत्येक पानावरून कल्हईकडे दुवा आहे, कल्हईच्या पानावरून घासण्याच्या पानाकडे, तिथून कोणत्या भांड्यात काय ठेवू नये या पानाकडे. 'ठेवू नये' या पानाची गोष्ट वेगळी सांगावी लागेल.

फायदे काढले, मर्यादा लिहिल्या

१५ फायदे आणि २१ फायदे हे दोन्ही लेख उडवले. त्यांत मधुमेह, सांधेदुखी, थायरॉइड, जे आठवेल ते बरं होत होतं. अशा दाव्यांच्या जाहिरातींना आपल्याकडे १९५४च्या कायद्याने बंधन आहे, हा एक भाग. दुसरा भाग सर्चचा. आरोग्याशी संबंधित मजकूर गूगल जास्त कडक निकषांवर तपासतं. लिहिणाऱ्याला त्यातलं कळतं का, हे तिथे पाहिलं जातं. भांड्यांच्या दुकानाने थायरॉइडवर लिहिलं तर त्याला कोण विचारणार? ऑगस्ट २०२२मध्ये गूगलने 'हेल्पफुल कंटेंट' नावाचा बदल आणला आणि मार्च २०२४मध्ये तो मुख्य क्रमवारीच्या पद्धतीतच मिसळून टाकला. त्याचा सगळा रोख अशा लेखांवर आहे, जे माणसासाठी नाही तर शोधात दिसण्यासाठी लिहिले जातात.

त्यांच्या जागी दुकानदाराला जे खरंच ठाऊक आहे ते लिहिलं. साधं पाणी रात्रभर ठेवायला हरकत नाही. लिंबू-पाणी, ताक, दही, चिंचेचं सार कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत ठेवू नये, आंबटाने धातू उतरतो. आत हिरवट थर दिसला तर घासल्याशिवाय वापरू नये. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यावर झालेला अभ्यास म्हणून २०१२मध्ये प्रसिद्ध झालेल्या बंगळूरच्या एका प्रयोगाचा उल्लेख ठेवला. तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलेल्या पाण्यातले जुलाब घडवणारे जिवाणू मेले, एवढंच त्यातून दिसलं होतं, म्हणून एवढंच लिहिलं. पिण्याच्या पाण्यात तांब्याचं प्रमाण किती चालतं, याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे २ मिलिग्रॅम आहे, तीही दिली.

'आपल्याच मालाचे दोष कशाला लिहायचे?' हा प्रश्न घरात उठला. काकांनी परस्पर उत्तर दिलं, "रोज काउंटरवर तोंडाने सांगतोच की." परत येणारा माल आणि 'काळं पडलं' अशा तक्रारींचे फोन कमी झाल्याचं सूनबाई सांगतात. त्याचं सगळं श्रेय पानाला देणार नाही, पार्सलमध्ये त्या पानाची चिठ्ठीही घालायला लागलो होतो.

मोजायचं तिथीने

आता ज्यासाठी मुख्यतः हे लिहायला घेतलं तो भाग.

सर्च कन्सोलमध्ये मागच्या वर्षीच्या त्याच काळाशी तुलना करायची सोय आहे. आपल्या सणांसाठी ती सरळसरळ दिशाभूल करते. २०२३चा पाडवा २२ मार्चला होता, २०२४चा ९ एप्रिलला, २०२५चा ३० मार्चला. मार्चची मार्चशी तुलना केली तर २०२४मध्ये सगळं कोसळलं असं दिसतं आणि एप्रिलची एप्रिलशी केली तर चमत्कार झाल्यासारखं. लक्ष्मीपूजन २०२३ला १२ नोव्हेंबर, २०२४ला १ नोव्हेंबर, २०२५ला २१ ऑक्टोबर. एजन्सीच्या जुन्या मासिक अहवालांत असले चढउतार 'अल्गोरिदममधील बदल' म्हणून समजावले होते. बदल पंचांगात होता.

आम्ही तक्त्यात एक रकाना वाढवला, सणाला किती दिवस उरले त्याचा. पाडव्याआधीचे चाळीस दिवस विरुद्ध गेल्या पाडव्याआधीचे चाळीस दिवस. एवढ्याने चित्र स्वच्छ झालं. सण कितीही सरकला तरी शोध कधी सुरू होतात ते दिसू लागलं. गुढीच्या तांब्याचे शोध अगदी शेवटच्या आठवड्यात उसळतात, घंगाळाचे मात्र दिवाळीच्या खूप आधी, कारण ते पार्सलने मागवायचं असतं आणि हल्ली निम्म्या घरांत ते अंघोळीसाठी नसून पाण्यावर फुलं सोडायला असतं.

आणि मग अधिक महिना. सर्च कन्सोल फक्त मागचे सोळा महिने दाखवतं. वर्षाने येणारा सण त्या खिडकीत मावतो. अधिक महिना साधारण पावणेतीन वर्षांनी येतो. २०२०ला अधिक आश्विन, २०२३ला १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक श्रावण, २०२६ला १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. म्हणजे एक अधिक महिना येईपर्यंत मागच्याची नोंद कन्सोलमधून पूर्ण पुसली गेलेली असते. ज्याने साठवून ठेवली नाही त्याच्यासाठी हा विषय अस्तित्वातच नाही. दुकानात मात्र त्या महिन्यात ताम्हण, निरांजन, तांब्याची वाटी घेणाऱ्यांची रांग असते. जावयाला नारायण मानून तेहतीस अनारसे आणि वर दिवा द्यायचा, तर ते द्यायला भांडं लागतंच.

आमच्या हाती काम आलं तेव्हा २०२३चा अधिक श्रावण खिडकीत होता. ताम्हणाच्या एका कोपऱ्यातल्या पानावर त्या महिन्यात आलेले शोध आम्ही उतरवून घेतले. क्लिक नगण्य, पण लोक काय विचारत होते ते मिळालं. पुण्यात 'अधिक मासाचं वाण' विचारणारे, आणि बाहेरगावचे बरेच 'धोंड्याचा महिना' म्हणणारे. पान लिहिताना दोन्ही शब्द शीर्षकात घेतले. डिसेंबर २०२४च्या मध्यापर्यंत तो महिना कन्सोलमधून गेला, तक्त्यात राहिला. गूगल ट्रेंड्सवर २००४पासूनचा आलेख बघता येतो आणि दर अधिकात उंचवटा दिसतो, पण तिथे शून्य ते शंभर असा सापेक्ष उंचसखलपणाच मिळतो, आणि माणसाने नेमकं काय टाइप केलं ते कळत नाही.

हे काम महागड्या साधनाचं नाही. महिन्यातून एकदा कन्सोलमधली माहिती उतरवून एका शीटमध्ये टाकायची. सणांवर चालणाऱ्या कुठल्याही मराठी धंद्याने, साडीवाल्यापासून पूजासाहित्यवाल्यापर्यंत, आजपासून सुरू करावं असं हे एक काम आहे.

जे जमलं नाही

तांब्याच्या बाटल्या. तिथे मोठ्या बाजारपेठांच्या साइट्स आणि जाहिराती पहिलं पान भरून बसल्या आहेत. आम्ही पान लिहिलं, सुधारलं, पुन्हा सुधारलं, आणि ते जिथल्या तिथे राहिलं. शेवटी बाटली हा विषय सोडून दिला. बाटली घेणाऱ्याला कसबा पेठेची गरज नाही.

प्रश्नोत्तरांचा स्कीमा, म्हणजे पानावर काय आहे ते सर्च इंजिनाला सांगणाऱ्या कोडमधल्या खुणा, लावला की निकालात प्रश्न उलगडून दिसतात, हा सल्ला अजूनही फिरतो. ऑगस्ट २०२३पासून गूगलने ती सोय मुख्यतः सरकारी आणि आरोग्यविषयक मान्यवर साइट्सपुरती ठेवली. आम्ही त्यात वेळ घातला नाही.

घासण्याच्या पानाचं मात्र दुखणं खरं आहे. ऑगस्ट २०२४मध्ये गूगलने भारतात निकालांच्या वर एआयने तयार केलेली उत्तरं इंग्रजी आणि हिंदीत दाखवायला सुरुवात केली. 'पितळ कसं घासावं'चं उत्तर चिंच आणि मीठ एवढंच आहे आणि ते वरच मिळतं. पान दिसण्याचं प्रमाण तेवढंच राहिलं आणि क्लिक उतरले, सगळ्यात आधी इंग्रजी शोधांवरचे. कल्हईच्या पानाला तेवढी झळ बसली नाही, कारण कल्हईची माहिती वाचून पातेल्याला कल्हई होत नाही, ते घेऊन कुठेतरी जावंच लागतं. यापुढे पान काढताना आम्ही हे आधी बघतो. एका ओळीत संपणारं उत्तर असेल तर त्याला वेगळं पान देत नाही, वस्तूच्या पानावर ती ओळ घालून मोकळे होतो.

सध्या काम चालू आहे ते अधिक ज्येष्ठाच्या पानाचं. पत्ता २०२४मध्येच काढून ठेवला होता, त्यामुळे पान जुनं झालेलं आहे आणि ताम्हण-निरांजनाच्या पानांवरून त्याला दुवे आहेत. मजकुरात तीन गोष्टी येतील: तेहतीस अनारसे मावतील अशा भांड्याचं माप, त्यात ठेवायच्या दिव्याचे प्रकार, आणि मेच्या सुट्टीत परगावी असलेल्या लेकी-जावयांकडे परस्पर पाठवायची सोय. मापासाठी अनारसे करून आणायचं काकूंनी कबूल केलं आहे, कारण विकतचे लहान असतात आणि त्यावरून माप काढलं तर घरचे मावणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. भाव पानावर छापायचे की नाहीत यावर घरात अजून दोन मतं आहेत. तांब्याचा भाव रोज हलतो, म्हणून मालकांना नकोत. भाव दिसला नाही तर लोक पुढच्या साइटवर जातात, म्हणून सूनबाईंना हवेत. एप्रिल उजाडायच्या आत हे ठरायला हवं, कारण पान त्याच सुमारास पुन्हा उघडायचं आहे.